कमाल दीड लिटर

सकाळी साडेदहाला एका इस्पितळातल्या नर्सचा फोन आला. तिने एकच प्रश्न विचारला, "तुमच्या त्या पाण्याच्या लेखात किमान म्हणायचंय की कमाल?"

मी तोऱ्यात होते. त्या लेखाला वाचकांच्या चाचणीत दहापैकी दहा मिळाले होते आणि आमच्या मासिकात आजवर कुठल्याही लेखाला तेवढे मिळाले नव्हते. "अहो, तो लेख दहा माणसांना वाचायला देऊन तपासलाय," मी म्हटलं. "शब्द न् शब्द कळतो."

"कळतो हो, तेच तर म्हणतेय. हृदय अशक्त असलेल्या माणसाने दिवसाला किमान दीड लिटर पाणी प्यावं, असं लिहिलंय. आम्ही इथे तसल्या पेशंटला दीड लिटरच्या वर घोटभर देत नाही. वॉर्डात भिंतीला लावायचा म्हणून छापून काढला, तर हे असं. ध चा मा झालाय, बाई."

मी लेख उघडला. चौथा परिच्छेद, दुसरी ओळ. किमान. ते वाक्य मी पहिल्यांदाच वाचत होते. नर्सला धन्यवाद म्हटलं की नाही तेही आठवत नाही.

माझं काम काय ते सांगते, म्हणजे माझी अक्कल कुठे चरायला गेली होती ते कळेल. आमचं मासिक आरोग्याचं. खाण्यापिण्याचे लेख आहारतज्ज्ञ लिहितात, आणि ते साध्या माणसाला कळतात की नाही हे मी तपासते. दहा वाचक बोलवायचे, चहा द्यायचा, लेख वाचायला द्यायचा. मग कागद उलटा ठेवायला लावून प्रश्न विचारायचे. वाचक जिथे अडखळतो तिथे मी लाल खूण करते. ऑफिसात मला पाठीमागे लाल पेन म्हणतात, तोंडावर ताई. अवघड शब्दांचं आणि माझं हाडवैर आहे. तज्ज्ञ मंडळी लिहितात ती एकमेकांना दाखवायला, असं माझं मत आहे आणि ते मी त्यांना ऐकवतेही.

मूळ लेखात 'कमाल दीड लिटर' असंच होतं. पहिल्या फेरीत दहातल्या सहा जणांची तिथे गाडी अडली. एक गृहिणी म्हणाली, "कमालच आहे बाई, एवढं पाणी!" सगळे हसले, मीही हसले. संध्याकाळी मी समासात लिहिलं: 'कमाल' कळत नाही. 'किमान' कळतो. मला म्हणायचं होतं की या जोडीतला एकच शब्द लोकांच्या ओळखीचा आहे, तेव्हा इथे सरळ 'जास्तीत जास्त' करा. पण ते 'तेव्हा' माझ्या डोक्यातच राहिलं. टायपिस्टने जे वाचलं ते केलं. पंधरा वर्षं ती माझ्या लाल खुणा मुकाट्याने पाळतेय, कारण नाही पाळल्या तर मी काय काय बोलते ते तिला चांगलं ठाऊक आहे.

दुरुस्त केलेली प्रत आहारतज्ज्ञ बाईंकडे जायला हवी होती. मागच्या वेळी त्यांनी माझे सगळे सोपे शब्द पुन्हा अवघड करून धाडले होते. म्हणून या वेळी मी पाठवलीच नाही. आली मोठी शहाणी, असं मनात म्हणाले. त्यांच्याबद्दल म्हणाले, स्वतःबद्दल नाही.

आणि दुसऱ्या फेरीत दहापैकी दहा! मी वाक्यं वाचत नव्हते, माणसांची तोंडं बघत होते. प्रश्न लेखातूनच काढलेले, उत्तरंही लेखातलीच. दोन्ही जुळलं की माझ्या लेखी माणूस शहाणा झाला.

खरं तर जुळलं नव्हतं. वाचक क्रमांक सातने मोडता घातला होता. सत्तरीचे काका, अंगात इस्त्रीचा शर्ट, बुटांच्या नाड्या मोकळ्या. रोज किती पाणी प्यावं, या प्रश्नावर ते म्हणाले, "दीड लिटर. त्याच्या वर नाही."

"काका, लेखात काय लिहिलंय?"

"लेखात किमान आहे खरं. पण आमचे डॉक्टर म्हणतात..."

"डॉक्टरांचं राहू द्या. मनातलं नको, कागदावरचं सांगा."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग चेहरा हळूहळू उजळला. "मग किमान," ते म्हणाले. मी बरोबरची खूण केली. जाताना त्यांनी विचारलं, "हा कागद घरी नेऊ का? आमच्या हिला दाखवायचाय." न्या की, म्हटलं, आणि त्यांना एवढा आनंद झालेला पाहून वर आमचा शिक्काही मारून दिला: वाचकांनी तपासलेला लेख.

मोकळ्या नाड्या बघून मला वाटलं होतं, या वयात वाकवत नसेल. पाय सुजले की बूट आवळून बांधता येत नाहीत, हे मी आमच्याच तीन लेखांत तपासलं आहे.

त्याला अकरा दिवस झाले होते.

टायपिस्टने वेबसाइटवरचा शब्द दोन मिनिटांत बदलला. माझी समासातली ओळ तिने फाइलमधून काढून माझ्यापुढे ठेवली. "तुझी चूक नाही," मी म्हटलं. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

साहेबांच्या खोलीत गेले. लेख किती जणांनी वाचला, म्हणून विचारलं, तर आठ हजार. साहेब माणूस वाईट नाही, पण संकट आलं की त्याला तारीख द्यायची त्यांना सवय आहे. "पुढच्या अंकात शुद्धिपत्र टाकू," ते म्हणाले. "ठळक चौकटीत."

"बैल गेला नि झोपा केला! साहेब, एक माणूस तो कागद घरी घेऊन गेलाय. त्याचं हृदय अशक्त आहे."

"मग फोन कर त्याला. नाव काय?"

नाव नव्हतं. वाचकांची नावं घ्यायची नाहीत हा नियम माझाच. उत्तर चुकलं तर लाज वाटू नये म्हणून सगळ्यांना नुसते क्रमांक. फॉर्मवर एवढंच होतं: क्रमांक सात, वय एकाहत्तर, व्यवसाय शिलाई मशीन दुरुस्ती. आठ हजारांतला हा एकच माणूस मला शोधता येण्यासारखा होता. मी पर्स उचलली आणि निघाले.

स्टेशनमागच्या गल्लीत शिंप्यांची दुकानं ओळीने आहेत. पहिल्या दुकानातल्या माणसाने मान वर न करता नाही म्हटलं. दुसऱ्याने माझी फिरकी घेतली, "मशीनवाले काका? इथे सगळेच मशीनवाले, ताई, आणि सगळेच काका!" त्याच्यावर मी अशी खेकसले की त्याच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. भर दुपारी गल्लीत उभी राहून मी घामाने निथळत होते आणि मनात एकच घोकत होते, आज नका पिऊ, काका, आजच्या दिवस तरी नका पिऊ.

चौथ्या दुकानात एक शिंपीणबाई काजं करत होत्या. मी बोलायला लागले तशी त्यांनी मशीन थांबवली.

"तीन थेंबवाले काका म्हणताय का? मशीनला तेल तीन थेंब म्हणजे तीनच. चौथा पडला तर फडक्याने टिपून काढतील. सांगितलेलं काटेकोर करणारा माणूस." मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "सोमवारी यायचे होते. आले नाहीत. असं कधी होत नाही हो."

पत्ता त्यांनी कापडाच्या पुठ्ठ्यावर लिहून दिला. लाँड्रीच्या मागे, दुसरा मजला.

दार काकूंनी उघडलं. लहानखुऱ्या, पदर खोचलेल्या, डोळे जागरणाने लाल. मी कोण ते सांगितलं तरी त्या दारातून हलेनात. त्यांच्या खांद्यावरून मला आतलं दिसत होतं. खिडकीपाशी खुर्ची आणि खुर्चीत काका. पाय स्टुलावर, फुगून चकाकत होते. श्वास दारापर्यंत ऐकू येत होता. शेजारी तिपाईवर पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या, एक रिकामी. आणि मोरीच्या नळावर, भिंतीला चिकटवलेला, शिक्क्याचा कागद.

"तीन रात्री झोपलेले नाहीत," काकू म्हणाल्या. "आडवं झालं की जीव घाबरतो म्हणतात. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणतात, थांब, पाण्याने सगळं धुऊन निघतंय."

"काकू, तो कागद चुकीचा आहे. पाणी दीड लिटरच्या आत हवं होतं. तुम्ही त्यांना मोजून देत होतात का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला खाली बघावं लागलं. "वर्षभर," त्या म्हणाल्या. "वर्षभर वाटीने मोजून दिलं. तहान तहान करायचे, मी बर्फाचा खडा द्यायचे. माठ उचलून शेजारी नेऊन ठेवला होता. वैरीण झाले होते मी ह्यांची. आणि त्या दिवशी हे आले तो कागद नाचवत. म्हणाले, परीक्षा देऊन आलोय, पैकीच्या पैकी मिळाले. तू वर्षभर मला तहानेनं मारलंस. मी काय बोलणार? मी सातवी शिकलेली. त्यावर शिक्का होता."

"तुमचं बरोबर होतं, काकू."

"मला नका सांगू. त्यांना सांगा."

आधी मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. वीस मिनिटं लागतील म्हणाले. मग खुर्चीपुढे जमिनीवर बसले. "काका, ओळखलंत का?"

त्यांनी डोळे उघडले आणि ओळख पटताच हसले. त्या हसण्याने माझा जीव अर्धा झाला.

"काका, ऐका. लेखात चूक झाली. किमान नाही, कमाल. दीड लिटरच्या वर प्यायचं नाही. काकू सांगत होत्या तेच खरं होतं. कळलं का?"

काका श्वास गोळा करत राहिले. मग मान डोलावली आणि म्हणाले, "पुन्हा... परीक्षा?"

"परीक्षा नाही, काका. खरंच सांगतेय."

"मनातलं नको," ते म्हणाले. एकेका शब्दाला थांबत होते. "कागदावरचं. किमान... दीड लिटर." आणि बक्षीस मिळाल्यासारखं त्यांनी काकूंकडे बघितलं.

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. माझा आवाज चढला, मी त्यांचा हात धरून हलवला. जितक्या जोरात मी सांगे तितकी त्यांची खात्री होई की मी त्यांना चकवून बघतेय. आमच्या चाचणीत असले फसवे प्रश्न असतातच, मीच घालते. वाचकाला खरंच समजलंय की आपला हो ला हो करतोय, ते कळावं म्हणून. काका फसले नाहीत. दर वेळी मान हलवून तेच उत्तर देत राहिले आणि दर वेळी दम जास्त लागत गेला. शेवटी काकूंनीच माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुरे," त्या म्हणाल्या. "बोलायला नका लावू त्यांना."

नळावरचा कागद मी टराटरा फाडला. त्याचा काही उपयोग नव्हता.

ॲम्ब्युलन्सच्या माणसांनी काकांना खुर्चीसकट जिन्याने खाली नेलं. वळणावर खुर्ची तिरकी झाली तेव्हा त्यांनी कठडा धरला आणि सोडेचनात. काकूंनी एकेक बोट सोडवलं. खाली लाँड्रीवाला इस्त्री हातात घेऊन बघत उभा राहिला होता. गाडीत काकांच्या तोंडावर मास्क होता. काकू औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि मी त्यांच्या समोर.

इस्पितळात डॉक्टर धावत आले. त्यांनी पायावर बोट दाबलं, तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला. "पाणी किती पितात?" त्यांनी विचारलं.

"साडेतीन लिटर," काकू म्हणाल्या. "कधी चार."

"कुणी सांगितलं इतकं प्यायला?"

मला वाटलं होतं, त्या माझ्याकडे बोट दाखवतील आणि बरं होईल. त्यांनी नाही दाखवलं. "मी सांगितलं," मी म्हटलं. डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा बघितलं. रागवायलाही त्यांना वेळ नव्हता. पडदा ओढून ते आत गेले.

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. देवाला मानणारी बाई मी नव्हे, पण त्या दुपारी मी ज्याला त्याला हात जोडले. मला नोकरी नको, लाल पेन नको, मी उद्यापासून कुणाला एक शब्द शिकवणार नाही, फक्त या माणसाच्या छातीतलं पाणी उतरू दे. एक नर्स लघवीची भरलेली पिशवी घेऊन बाहेर गेली, तेव्हा वाटलं, उतरतंय. दुसरी धावत आत गेली, तेव्हा वाटलं, संपलं. असं तीन तास चाललं. मधे साहेबांचा फोन आला. मी घेतला नाही.

पाचच्या सुमाराला काकूंना आत बोलावलं. मीही उठले, पण पडद्यापाशीच थांबले. मला आत जाण्याचा काय हक्क होता? काकूंचा आवाज ऐकू येत होता. "अहो, ही बाई खरं सांगत होती. ऐकताय ना? खरं सांगत होती हो." त्या तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मग यंत्राचा आवाज बदलला आणि कुणीतरी त्यांना बाजूला घेतलं.

काका गेले.

काकू बाहेर आल्या तेव्हा रडत नव्हत्या. बाकावर बसल्या, चष्मा पुसला, पुन्हा घातला. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. समासातली ओळ, न पाठवलेली प्रत, काकांनी दिलेलं पहिलं उत्तर, मी ते कसं बदलायला लावलं ते. काहीही राखून ठेवलं नाही. पोलिसांत जा, मासिकावर खटला भरा, मी साक्ष देईन, असंही म्हटलं. त्या ऐकत होत्या की नाही कळेना.

"तुम्हाला लेकरंबाळं आहेत?" त्यांनी मधेच विचारलं.

"नाही."

"आम्हालाही नाहीत. आम्ही दोघंच." त्यांनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. "बेचाळीस वर्षांत आमचं भांडण दिवेलागणीच्या पुढे कधी टिकलं नाही. हे अकरा दिवस मात्र माझ्याशी धड बोलले नाहीत. पाणी प्यायचे नि माझ्याकडे बघायचे. बघ, काही झालं का मला, असं."

"चूक काय, कुणाचीही होते," त्या म्हणाल्या. "पण मी त्यांना वाईटपणाने पाणी नव्हते नाकारत, एवढं त्यांना कळून जायला हवं होतं. आता ते मी कुणाला सांगू?"